वांगं गेलं, मिरची आली!

मुलांनो,

रविवारी संध्याकाळी बाबा म्हणतात, "चला, आज बाहेर जेवायला जाऊ या." मग घरात काय गडबड उडते, ते मी सांगायला नको! आई हातातलं पीठ डब्यात ठेवून देते. ताई आरशासमोरून हलत नाही. आणि तुम्ही? तुम्ही चपला घालून सगळ्यांच्या आधी दारात उभे! हॉटेलात गेल्यावर मेनूकार्ड आधी कुणी वाचायचं यावरून भांडण. एवढं भांडून शेवटी मागवायचं काय? तर नेहमीचंच. पनीरची भाजी, नाहीतर नूडल्स.

आज मी तुम्हाला बाहेर जेवायला घेऊन जाणार आहे. एकदा कोल्हापुरात, एकदा पार स्पेनमध्ये आणि शेवटी आमच्या शाळेजवळच्या एका छोट्या खोलीत. पण त्याआधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. सगळी गोष्ट तिथूनच सुरू झाली.

कोरी वही

आमची शाळा शिरोलीत. कोल्हापूरहून पुण्याकडे निघालात, पंचगंगेचा पूल ओलांडलात की महामार्गाला लागून शिरोलीची एमआयडीसी दिसते. इथं फौंड्र्या पुष्कळ. फौंड्री म्हणजे लोखंड वितळवून ते वाळूच्या साच्यात ओतायचं आणि गाड्यांचे, यंत्रांचे भाग तयार करायचे. काम मोठं कष्टाचं, भट्टीसमोर उभं राहायचं. या कामासाठी गावोगावचे, परराज्यांतले लोक इथं येऊन राहिले आहेत. त्यांची मुलं आमच्या शाळेत येतात. त्यामुळे माझ्या चौथीच्या वर्गात मराठी, कानडी, हिंदी, भोजपुरी अशा सगळ्या भाषा ऐकू येतात. मधल्या सुट्टीत तर डब्यांचं प्रदर्शनच भरतं!

एकदा जानेवारीत मी मुलांना निबंधाचा विषय दिला, 'आम्ही हॉटेलात जेवायला जातो'. मुलं खूश झाली. भराभरा लिहू लागली. वह्या गोळा केल्या, तर एक वही कोरी निघाली. वर फक्त तारीख आणि विषय.

मी त्या मुलाला विचारलं, "का रे, काहीच लिहिलं नाहीस?"

तो उभा राहिला. खाली बघत म्हणाला, "बाई, आम्ही कधी बाहेर जेवायला जात नाही. बाहेरचे लोकच आमच्याकडं जेवायला येतात."

सगळा वर्ग खो खो हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच "सत्तू, सत्तू" असं चिडवलं. पुन्हा हशा पिकला. तो मुलगा मटकन खाली बसला आणि त्या दिवशी त्यानं डबा उघडलाच नाही.

आता खरं सांगते, क्षणभर मलाही हसू आलं होतं. त्याचं उत्तरच तसं गमतीचं वाटलं. पण नंतर कळलं, त्यात गंमत काहीच नव्हती. त्याचे वडील बिहारमधून आलेले, फौंड्रीत भट्टीवर काम करतात. आई दोन्ही वेळा डझनभर कामगारांचं जेवण रांधते. घरापासून दूर राहणारे ते कामगार रोज त्याच्या घरी जेवतात. म्हणजे तो अगदी खरं तेच बोलला होता! चूक माझी होती. प्रत्येक घरातली मुलं हॉटेलात जातातच, असं मी धरून चालले होते.

ही चूक दुरुस्त कशी करायची? रागावून वर्ग गप्प बसतो, पण त्याचं मन बदलत नाही. म्हणून मी दुसऱ्या दिवशी एक खेळ घेतला.

फळ्यावरचं जेवण

मी फळ्यावर लिहिलं, 'अस्सल कोल्हापुरी जेवण'. म्हटलं, "सांगा बघू, आपलं स्वतःचं जेवण कोणतं?"

एकदम गलका झाला. तांबडा रस्सा! पांढरा रस्सा! मिसळ! कटवडा! खर्डा-भाकरी! वांग्याचं भरीत! भेळ! फळा भरून गेला. मग मी प्रत्येक पदार्थाखाली त्यात काय काय पडतं, ते मुलांकडूनच लिहून घेतलं. मिरची, कांदा, लसूण, खोबरं, तीळ, शेंगदाणे, टोमॅटो, बटाटा, मटकी, पाव, वांगं.

"आता गंमत बघा," असं म्हणून मी डस्टर घेतलं. "जे मुळात आपल्या देशातलं नाही, ते मी पुसणार."

पहिला नंबर मिरचीचा. मुलं ओरडली, "बाई, मिरची कशी पुसता? मग कोल्हापूरचं राहिलं काय!"

पण मुलांनो, मिरची मूळची अमेरिका खंडातली. टोमॅटो तिकडचाच. बटाटा तिकडचा आणि शेंगदाणासुद्धा तिकडचाच. मका, काजू, पेरूही त्याच बाजूचे. पाव हा शब्द आणि तो भाजायची रीत पोर्तुगिजांबरोबर आली. बटाटा हा शब्दही पोर्तुगीजच. ज्वारी आपल्याकडे हजारो वर्षं पिकते खरी, पण तिचं मूळ घर आफ्रिका. एकेक शब्द पुसत गेले, तेव्हा फळ्यावरचा तांबडा रस्सा पार पांढरा पडला आणि कटवड्यातला वडाच नाहीसा झाला!

हे सगळं ऐकायला अजब वाटतं ना? पण त्याला पुरावा आहे. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्र-कर्नाटकाच्या या भागावर तेव्हा चालुक्यांचं राज्य होतं. त्या ग्रंथात राजाच्या जेवणाचं रसभरीत वर्णन आहे. वडे आहेत, मांडे आहेत, मांसाचे प्रकार आहेत. पण त्यात मिरची नाही! तिखटपणासाठी मिरे वापरत असत.

फळ्यावर शेवटी जी थोडी नावं उरली, त्यात एक होतं वांगं. वांगं मात्र आपलं, या भूमीतलं. "हुश्श!" मुलं म्हणाली, "निदान भरीत तरी वाचलं!"

मी म्हटलं, "या वांग्याची गोष्ट सांगायला शनिवारी एक पाहुणे येणार आहेत."

मामाची फजिती

पाहुणा म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो फौंड्रीत इंजिनिअर आहे आणि कामानिमित्त बार्सिलोनाला जाऊन आला होता. बाईंचा भाऊ म्हणून वर्गानं लगेच त्याला 'मामा' करून टाकलं. बार्सिलोना म्हटल्यावर मुलांचे डोळे चमकले, कारण तिथला फुटबॉलचा संघ सगळ्यांना पाठ. तुमच्या आई-बाबांना कदाचित १९९२ सालचं तिथलं ऑलिंपिक आठवत असेल.

मामानं नकाशा टांगला. युरोपात नैऋत्येला स्पेन. स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यात, भूमध्य समुद्राच्या काठी कॅटलोनिया नावाचा प्रांत आहे. बार्सिलोना ही त्याची राजधानी. तिथल्या लोकांची स्वतःची भाषा आहे, कॅटलन. स्पॅनिशहून ती वेगळी. आपल्या भाषेचा आणि आपल्या जेवणाचा त्यांना आपल्यासारखाच अभिमान!

"पहिल्याच संध्याकाळी माझी फजिती झाली," मामा सांगू लागला. "तिथल्या कारखान्यातले एक वयस्कर गृहस्थ मला जेवायला घेऊन गेले. तिकडं रात्रीचं जेवण नऊ-दहा वाजता. मला तर सात वाजल्यापासून भूक लागलेली! मी मोठ्या ऐटीत म्हटलं, 'तुमचं अस्सल कॅटलन जेवण मागवा. तापास मागवा.' ते आजोबा हसायलाच लागले."

तापास म्हणजे काय? छोट्या छोट्या बशांमधून येणारे नाना प्रकारचे चटकमटक पदार्थ. ऑलिव्हची फळं, तळलेले बटाटे, मासे, आम्लेटाच्या फोडी. सगळ्या बशा टेबलाच्या मध्ये ठेवायच्या आणि सगळ्यांनी मिळून खायच्या. 'तापा' या शब्दाचा अर्थ झाकण. पूर्वी म्हणे पेल्यात माशा पडू नयेत म्हणून वर पावाचा किंवा मांसाचा तुकडा झाकण म्हणून ठेवत आणि पुढं ते झाकणच लोक आवडीनं खाऊ लागले! अशी गोष्ट तिकडं सांगतात.

पण तापासचा प्रकार मुळात कॅटलोनियाचा नाही. तो दक्षिणेकडच्या अंदालुसिया प्रांताचा समजतात. बार्सिलोनात तो सगळीकडे मिळतो, लोक आवडीनं खातात, प्रवासी तर हमखास मागवतात. तसाच आणखी एक प्रकार, काडी टोचलेल्या पावाच्या तुकड्यांचा. तो आला उत्तरेकडच्या बास्क प्रांतातून. त्याची गंमत अशी, की आपल्या बशीत जितक्या काड्या, तितके पैसे. हिशेब करायला वही नको की पेन्सिल नको!

"तेव्हा माझ्या लक्षात आलं," मामा म्हणाला, "आपल्या कोल्हापुरात लोणी डोसा किती चालतो! पण नाव बघा, दावणगिरी लोणी डोसा. म्हणजे तो कर्नाटकातल्या दावणगिरीचा पाहुणा. उद्या कुणी परदेशी माणूस कोल्हापुरात येऊन म्हणाला, 'तुमचं पारंपरिक जेवण द्या, डोसा द्या', तर आपल्याला हसू येणार नाही?"

"मग खरं कॅटलन जेवण कोणतं?" मुलांनी विचारलं.

पाव, टोमॅटो आणि कौलावरचे कांदे

आजोबांनी सगळ्यात आधी मागवला पाव आणि टोमॅटो. बस्स, एवढंच! भाजलेल्या पावावर लसणाची पाकळी घासायची. पिकलेला टोमॅटो मध्ये कापून तोही पावावर चांगला घासायचा. वरून ऑलिव्हचं तेल आणि मीठ. याला म्हणतात 'पा अम्ब तोमाकेत'. 'पा' म्हणजे पाव! मुलांनो, आपला पाव आला पोर्तुगिजांच्या 'पाँव'वरून आणि पोर्तुगिजांचा 'पाँव' व कॅटलनांचा 'पा' हे दोन्ही एकाच जुन्या लॅटिन शब्दाची लेकरं. म्हणजे मिसळीबरोबरचा पाव आणि बार्सिलोनाचा पा हे सख्खे चुलतभाऊ झाले की नाही?

पुढची गोष्ट ऐकून तर मुलं टाळ्याच पिटू लागली. हिवाळ्यात आपल्याकडे शेतात हुरडा पार्टी होते. कोवळी कणसं भाजायची, हातावर चोळायची आणि चटणीबरोबर गरम गरम खायची. तशीच कॅटलोनियात हिवाळ्याच्या शेवटी कांद्याची पार्टी होते! लांबट पातीच्या या कांद्यांना 'कल्सोत' म्हणतात. वाल्स नावाचं गाव त्यासाठी प्रसिद्ध. मोठा जाळ करून त्यावर कांद्याच्या जुड्या वरून पार काळ्या होईपर्यंत भाजायच्या, मग कागदात गुंडाळून चक्क घराच्या कौलावर ठेवून वाढायच्या. खाताना गळ्यात फडकं बांधायचं, काळं साल ओढून काढायचं, आतला पांढरा कांदा चटणीत बुडवायचा, मान वर करायची आणि थेट तोंडात सोडायचा. हात काळे, तोंड काळं! मोठी माणसंसुद्धा लहान मुलांसारखी दिसतात.

चटणीचं नाव रोमेस्को. भाजलेला टोमॅटो, लसूण, बदाम, तेल आणि वाळलेल्या लाल मिरचीचा गर. आपलं वाटणच जणू. फक्त ती मिरची तिखट नसते. "तिखट नाही? मग मिरची कशाला म्हणायची!" एक मुलगी फणकाऱ्यानं म्हणाली. अस्सल कोल्हापूरकर!

शेवटी गोड म्हणून आली 'क्रेमा कातालाना'. दूध, अंड्याचा बलक आणि साखर शिजवून केलेली घट्ट खीर समजा. त्यात लिंबाची साल आणि दालचिनी. वर साखर पसरून ती तापलेल्या लोखंडानं जाळतात, म्हणजे कुरकुरीत पापुद्रा तयार होतो. चमच्यानं टकटक करून फोडायचा आणि खायचं!

वांगं कसं गेलं?

"आणि वांगं?" मुलांनी आठवण केली.

त्या टेबलावर एक थाळी अशी होती, की ती बघून मामाला घरची आठवण आली. निखाऱ्यावर भाजलेली वांगी आणि मोठ्या लाल मिरच्या सोलून, उभ्या चिरून, वर तेल-मीठ घातलेलं. 'एस्कालिवादा' तिचं नाव. निखाऱ्यावर भाजण्याच्या शब्दावरूनच ते पडलं. म्हणजे भरीतच की! फक्त कुस्करलेलं नाही.

कॅटलन भाषेत वांग्याला म्हणतात 'अल्बर्जीनिया'. हा शब्द कुठून आला? आपल्याकडच्या जुन्या 'वातिंगण' या शब्दावरून इराणी लोकांनी 'बादिंगान' केलं. अरबांनी ते 'अल-बादिंजान' केलं. अरब व्यापारी आणि शेतकरी हजारएक वर्षांपूर्वी वांगं स्पेनला घेऊन गेले आणि तिथं त्याचं 'अल्बर्जीनिया' झालं. नाव बदललं, पण मूळ पत्ता कायम!

कॅटलन भाषेतलं पाककृतींचं एक फार जुनं पुस्तक आहे, 'सेंत सोवी'. ते १३२४ सालचं मानतात. त्यात वांग्याचे पदार्थ आहेत, पण टोमॅटो नाही, बटाटा नाही आणि मिरचीही नाही. आपल्या 'मानसोल्लासा'तही नाही. का बरं?

कारण तेव्हा या दोन्ही देशांतल्या लोकांना अमेरिका खंड ठाऊकच नव्हता. १४९२ मध्ये कोलंबस मिऱ्यांच्या आणि मसाल्यांच्या शोधात हिंदुस्थानला यायला निघाला आणि पोचला भलतीकडेच. परत आल्यावर १४९३ मध्ये स्पेनच्या राजा-राणीनं त्याला भेट दिली, ती याच बार्सिलोनात! मिरे काही त्याला सापडले नाहीत. सापडली मिरची. स्पॅनिश भाषेत मिऱ्यांना म्हणतात 'पिमियेंता' आणि मिरचीला 'पिमियेंतो'. आपल्याकडे बघा, मिरे आणि मिरची! दोन्ही भाषांनी नव्या पाहुण्याला जुन्याच तिखट माणसाचं नाव दिलं.

पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजांतून मिरची गोव्याला उतरली आणि घाट चढून आपल्याकडे आली. आली ती अशी रमली, की आज गडहिंग्लज-संकेश्वरकडच्या मिरचीवाचून आपलं पान हलत नाही. वांगं गेलं, मिरची आली. देणं-घेणं बरोबर!

आता कोल्हापुरात जेवू या

तेव्हा मुलांनो, कोल्हापूरचं म्हणून जे आहे, ते नुसत्या जिनसांमध्ये नाही. ते आहे करण्यात आणि वाढण्यात. देशभरच्या हॉटेलांत 'व्हेज कोल्हापुरी' नावाची लालभडक भाजी मिळते. खाणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी काढलं की झालं कोल्हापुरी, असा तिथल्या लोकांचा समज. पण तुमच्या आजीनं कधी 'व्हेज कोल्हापुरी' केली आहे का? विचारा तिला!

खऱ्या खानावळीत ताट कसं येतं? भाकरी किंवा चपाती, सुकं मटण, कांदा-लिंबू आणि दोन वाट्या. एक तांबडी, एक पांढरी. दोन्ही रस्से मटण शिजवलेल्या एकाच पाण्यातून निघतात. पांढऱ्यात नारळाचं दूध, खसखस, काजू किंवा तीळ. तांबड्यात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि आपली चटणी. बाहेरगावच्या माणसाला चटणी म्हणजे ताटात डावीकडे वाढायची वाटते. आपल्याकडे चटणी म्हणजे उन्हाळ्यात डंकावर कुटून वर्षभर पुरवायचा कांदा-लसणाचा मसाला! तांबड्यानं तोंड पोळलं, की पांढऱ्याचा एक घोट घ्यायचा. ताटातच दुखणं आणि ताटातच औषध.

शाकाहारी असाल तर मिसळ आहे. मोडाची मटकी, शेव-चिवडा, कांदा आणि वरून कट. बरोबर ब्रेडचे स्लाइस. कट संपला की वाढपी न विचारता पुन्हा ओततो. झुणका आहे, खर्डा आहे, भरीत आहे. आणि सगळं कोल्हापूर तिखटच खातं, हाही गैरसमज. हे पैलवानांचं गाव. राजर्षी शाहू महाराजांनी इथं खासबागचं कुस्ती मैदान बांधलं. पैलवानाचा खुराक दूध, तूप, बदामाची थंडाई असा. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर तर म्हशीचं ताजं धारोष्ण दूध प्यायला लोक लांबून येतात.

महाराजांचा चहा

जेवण काय, हे झालं. पण जेवायला शेजारी कोण, हेही महत्त्वाचं. शाहू महाराजांचं नाव निघालं आहे, तर ही गोष्ट ऐकाच.

गंगाराम कांबळे हे महाराजांच्या तबेल्यात नोकरीला होते. तेव्हा समाजात शिवाशिव पाळत. त्यांनी पाण्याच्या हौदाला हात लावला, एवढ्याच कारणावरून त्यांना मारहाण झाली. महाराजांना कळलं, तेव्हा ते फार संतापले. मारणाऱ्यांना त्यांनी शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. गंगारामांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचं हॉटेल सुरू केलं. नाव ठेवलं 'सत्यसुधारक'.

हॉटेल छान, चहा छान, पण गिऱ्हाईक येईना. गंगारामांच्या हातचा चहा प्यायचा कसा? लोक पुढून निघून जात. मग एक दिवस महाराजांची गाडी हॉटेलासमोर थांबली. महाराजांनी स्वतः चहा मागवला आणि सगळ्यांदेखत प्यायला. बरोबरच्या मानकऱ्यांनाही प्यायला लावला. राजाच पितो म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? १९१९ मध्ये तर सार्वजनिक ठिकाणी शिवाशिव पाळायची नाही, असा हुकूमच महाराजांनी काढला. पण हुकमाच्या कागदाइतकंच मोठं काम त्या एका कप चहानं केलं.

ही गोष्ट सांगून झाली, तेव्हा वर्ग अगदी शांत होता. मागच्या बाकावरचा 'सत्तू, सत्तू' म्हणणारा मुलगा आपल्या बोटांकडे बघत बसला होता. मी त्याला काही बोलले नाही. बोलायची गरजही नव्हती.

आमचं बाहेरचं जेवण

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही सगळे बाहेर जेवायला गेलो. कुठं? त्या कोऱ्या वहीवाल्या मुलाच्या घरी! त्याच्या आईची परवानगी आधीच घेतली होती. एवढ्या मुलांचा भार तिच्यावर पडू नये म्हणून प्रत्येकानं घरून काहीतरी आणायचं ठरलं. कुणी भाकरी आणली, कुणी खर्डा, कुणी भडंग, कानडी घरातल्या मुलीनं शेंगदाण्याची चटणी.

खोलीपुढच्या अंगणात शेगडी पेटली होती. त्याची आई कणकेच्या गोळ्यात सारण भरत होती. "मॅडमजी, बैठिए," म्हणून तिनं चटई टाकली. सारण कसलं? सत्तूचं! सत्तू म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ. आपण फुटाणे खातो ना, त्यांचंच. त्यात ओवा, लसूण, मिरची, लिंबू, मोहरीचं तेल. हे गोळे निखाऱ्यावर भाजून तुपात बुडवले, की झाली लिट्टी.

आणि लिट्टीबरोबर काय असतं, ठाऊक आहे? चोखा! तिनं निखाऱ्यावरून काळी झालेली वांगी उचलली, साल काढलं, भाजलेला टोमॅटो आणि बटाटा त्यात कुस्करला.

"बाई, हे तर आपलं भरीत!" एक जण ओरडला.

"नाही, मामाचं एस्का... एस्कालि..." दुसरीची जीभ अडखळली.

"चोखा आहे तो, चोखा," कोऱ्या वहीवाला मुलगा म्हणाला. खूप दिवसांनी तो मोठ्यांदा बोलला आणि सगळ्यांना वाढू लागला. ज्यानं त्याला चिडवलं होतं, त्यानं तीन लिट्ट्या खाल्ल्या. चौथी मागायला लाजत होता, तर यानंच ती न विचारता त्याच्या ताटलीत टाकली.

जेवता जेवता कुणाला तरी २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आठवला. मुलं तेव्हा अगदी लहान, त्यांनी घरी ऐकलेलं. पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं, शिरोलीजवळ रस्ता कित्येक दिवस बंद पडला. ट्रकची रांगच रांग लागली. देशाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतले ड्रायव्हर अडकून पडले. तेव्हा आसपासच्या गावांतल्या लोकांनी त्यांना जेवू घातलं. तुमची भाषा कोणती, तुम्ही घरी काय खाता, असं कुणी विचारत बसलं नाही. भुकेला होता, वाढलं. मग तेच आपण वर्गात डबा उघडताना का विसरावं?

बाहेर जेवायला जाताना

आता तुमच्यासाठी चार गोष्टी. आई-बाबांनो, तुम्हीही वाचा.

१. नव्या गावाला गेलात, तर तिथले लोक घरी काय जेवतात ते विचारा आणि निदान एक पदार्थ तो मागवा. आवडला नाही तरी चालेल, पण चाखल्याशिवाय 'शी' म्हणायचं नाही.

२. जितकं खाल तितकंच घ्या. उरलंच, तर बांधून घेण्यात लाज कसली?

३. वाढपी काकांना 'ए' म्हणून हाक मारू नका. त्यांच्याही घरी तुमच्याएवढी मुलं असतील. जेवण चांगलं झालं, तर तसं सांगून या.

४. मित्राच्या डब्यातला पदार्थ ओळखीचा नसेल, तर हसू नका. नाव विचारा, कसा करतात ते विचारा आणि आपल्यातला अर्धा देऊन त्याच्यातला अर्धा मागा. बार्सिलोनातले लोक मध्ये बशा ठेवून नेमकं तेच तर करतात!

ज्यांच्या घरी बाहेर जेवायला जाणं परवडत नाही, त्यांनीही मुळीच वाईट वाटून घ्यायचं नाही. या रविवारी फळ्यावरचा खेळ घरच्या ताटाशी खेळा. एका कागदावर आज ताटात काय काय आहे ते लिहा आणि कोण कुठून आलं ते शोधा. चहा, साखर, साबुदाणा, मका, पेरू. आजी-आजोबांना विचारा, शिक्षकांना विचारा. मग तुमच्या लक्षात येईल, घरी बसूनही आपण रोज सगळ्या जगाच्या पंगतीत जेवतो!

आणि हो, सोमवारी ती कोरी वही माझ्या टेबलावर परत आली. आता ती कोरी नव्हती. निबंधाचा माझा विषय त्यानं एका रेघेनं खोडला होता आणि वर स्वतःचा विषय लिहिला होता, 'आमच्याकडे लोक जेवायला येतात'. दीड पान होतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पुष्कळ होत्या. त्या मी लाल शाईनं दुरुस्त केल्या, कारण शिक्षिकेचं ते कामच आहे. पण खोडलेला विषय मात्र तसाच राहू दिला. ती दुरुस्ती त्यानं माझी केली होती.